मैत्रीण नावाचे नाते

आमच्या मंठ्यात 'प्रेम' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो. तो बाकावर कर्कटकाने कोरायचा, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून लगेच खोडायचा, किंवा जिंतूरची गाडी फलाटाला लागेपर्यंत नुसता डोळ्यांनी बोलायचा, एवढीच त्याला मुभा. घरात तर त्या शब्दाला जागाच नाही. आई कधी 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे म्हणत नाही. ती विचारते, 'भाकर खाल्ली का?' जीव लावणे, माया करणे, वाट पाहणे असे कितीतरी शब्द आमच्याकडे दिवसभर वापरात असतात. प्रेम मात्र सिनेमातले आणि पुस्तकातले. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्यातली गाणी पाठ केली आणि आयाबायांनी शेवट पाठ केला. पुढे कितीतरी दिवस एखादी मुलगी कोणाशी दोन शब्द बोलली, की 'आर्चीचं काय झालं पाह्यलं ना' एवढे एकच वाक्य पुरेसे होई. प्रेमाची आणि आमची पहिली ओळख झाली ती ही अशी, धाकातून.

महाविद्यालयात आल्यावर निराळाच प्रकार दिसला. इथे प्रेमाविषयी बोलणारे पुष्कळ. मराठीच्या तासाला विरहाची कविता चालू असते, खिडकीबाहेर कोणीतरी शीळ घालत असते, आणि मागच्या बाकावर दबलेले हसू पसरते. एखाद्या मुलाने आणि मुलीने दोनदा एकत्र चहा घेतला, की लोक दोनच नाती सुचवतात. एक तर 'त्यांचं तसलं काही आहे', नाही तर मग राखी. राखीचा सण फार गोड आहे, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण लोकांची तोंडे बंद करण्यासाठी बांधलेली राखी मला राखी कमी आणि कुलूप जास्त वाटते.

मैत्रिणींनो, आज मला लिहायचे आहे ते या दोन्हींविषयी नाही. बरेच दिवस माझ्या मनात घोळते आहे, की आम्हा मुलींना प्रेम म्हणजे काय हे जे थोडेफार समजते, ते एका तिसऱ्याच नात्यातून समजते, आणि त्या नात्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ते नाते म्हणजे मैत्रीण.

लक्ष देत नाही असे मी म्हणते, पण वापर मात्र सर्रास होतो. 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते' या वाक्याने किती घरांची दारे उघडली असतील याचा हिशोब नाही. मैत्रीण म्हणजे जणू पडदा. त्याच्या आड कोणी काहीही करावे. वारा आला आणि पडदा उडाला, की बोल पडद्यालाच. 'तूच तिला बिघडवलीस' हे ऐकून घेण्यासाठी प्रत्येक गावात एक मैत्रीण तयारच असते! लग्नाच्या याद्यांत तिचे नाव नसते, आहेरात तिचा मान नसतो, आणि लग्न झाले की ती नकळत गळून पडते. मुलाचे मित्र त्याच्या वरातीत नाचतात आणि पुढे आयुष्यभर त्याच्या ओट्यावर बसतात. मुलीच्या मैत्रिणी मांडवाच्या खांबाला टेकून रडतात आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या गावी जातात. पंचमीला माहेरी आली तर भेट. झोक्यावर दोघींनी मिळून चार झोके घ्यायचे, तेवढेच.

आमच्या आजीच्या पिढीला हे नाते अधिक कळत होते असे मला वाटते. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ येतो, आई येते, पंढरपूर येते, तशी मैत्रीणही येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इकडे बीड जिल्ह्यातल्या माजलगावातूनही केल्या. जाते जड असते, ते दोघींनी ओढायचे असते. समोर बसलेली जी कोणी असेल ती तेवढ्या पहाटेपुरती तरी सखीच. गंगाखेडच्या जनाबाईने तर प्रत्यक्ष देवाला जात्यावर बसवले, आणि तिथे बसल्यावर तो विठ्ठल राहिला नाही, त्याची विठाबाई झाली. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा आमचा परतूर-मंठ्याचा मुलूख परभणी जिल्ह्यात होता, म्हणजे गंगाखेडची जनाबाई आमच्याच जिल्ह्यातली, असे मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीने सांगत असते. एकट्या, राबणाऱ्या बाईला देवसुद्धा हवासा वाटला तो मैत्रिणीच्या रूपात. यावर कोणी प्रबंध लिहिला आहे की नाही मला माहीत नाही, लिहायला हवा.

प्रेम आणि मैत्री यांची सांगड घालणारा जो विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो मात्र कवितेत सापडला नाही, एका भाषणात सापडला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. हजारो बायका आल्या होत्या. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना स्वच्छतेविषयी सांगितले, मुलांच्या शिक्षणाविषयी सांगितले, लग्नाची घाई करू नका असे बजावले. आणि लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्यासमोर त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा, असे सांगितले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. नवऱ्याची मैत्रीण व्हायचे तर आधी मैत्रीण कसे व्हायचे हे यायला नको का? आणि ते आम्ही शिकणार कुठे? शाळेत कोणी शिकवत नाही. घरी शिकवतात ते सून होणे.

मी ते जिथे शिकते आहे त्या जागेविषयी आता सांगते. बसस्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर एक पत्र्याची खोली आहे. तिथे आम्ही चौघी राहतो. शेवटची गाडी लवकर सुटते, तास उशिरापर्यंत चालतात, म्हणून आमच्यासारख्या लांबच्या गावच्या मुलींनी अशा खोल्या घेतलेल्या असतात. घरमालकीण एक विधवा बाई आहेत. त्यांना आम्ही सगळ्याजणी खाला म्हणतो. खाला म्हणजे मावशी. चौघींतली एक त्यांची भाची, दुसरी आक्का, जी तिसऱ्या वर्षाला आहे आणि वयाने व अक्कलेने थोरली आहे, तिसरी छोटी, आणि चौथी मी. रमजानमध्ये भाची पहाटे उठते तेव्हा तिच्याबरोबर दिवा लागतो, आणि त्या दिव्यात आमचाही अभ्यास होतो. वर्षातला माझा सगळ्यात चांगला अभ्यास रमजानच्या महिन्यातच होतो, हे मी खालांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, 'बेटी, याचंबी सवाब तिलाच.'

इंग्रजीच्या तासाला एकदा कळले, की अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मुलींची 'सोरोरिटी' असते. सोरोर म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. ग्रीक अक्षरांचे नाव, राहायला स्वतंत्र घर, आत घेण्याचे विधी आणि शपथा असा तो थाट. त्यांतल्या काही निव्वळ थाटाच्या असतीलही; पण १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींनी 'अल्फा कप्पा अल्फा' स्थापन केली, ती शिकणाऱ्या काळ्या मुलींनी एकमेकींना धरून राहावे म्हणून. पुढे अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस तिच्याच सदस्य. मी हे खोलीवर येऊन सांगितले तेव्हा आक्का म्हणाली, 'मग आपलं नाव काय ठेवायचं? अल्फा भाकर अल्फा?' आमच्यात विधी नाही, शपथ नाही. पण एक कायदा आहे, आणि तो आक्काने घातलेला आहे. कोणीही कोणासाठी तिच्या आईशी खोटे बोलायचे नाही; आणि कोणीही कोणाला एकटीला सोडायचे नाही. ऐकायला सोपे वाटते. पण हे दोन अर्धे एकमेकांशी किती भांडतात हे तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही.

इतिहासात डोकावले तर मैत्रिणींच्या खुणा फार थोड्या सापडतात, आणि ज्या सापडतात त्या अगदी कोपऱ्यात. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या, तेव्हा त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना एक पत्र लिहिले. त्यात फातिमाविषयी ओझरता उल्लेख आहे. आपल्यामागे तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढेच. पण मला त्या ओळीत सगळे दिसते. आपण आजारी असताना आपले काम जी न बोलता उचलते, आणि जिच्या कष्टाची जाणीव अंथरुणात पडूनही आपल्याला असते, तिला दुसरे काय म्हणायचे?

आणि आनंदीबाई जोशी. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तिच्या नावातच नवरा-बायको आहेत. गोपाळरावांच्या हट्टामुळे आनंदी शिकली हे खरे. त्या हट्टात मारही होता, हे तिने स्वतःच पुढे पत्रात त्यांना लिहिले. पण मला नेहमी वाटते, की या गोष्टीतली तिसरी व्यक्ती आपण विसरतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाची एक गृहिणी राहत होती. दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली असताना तिने एक मिशनरी मासिक उचलले. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र एका पाद्र्याला लिहिले होते, ते त्यात छापले होते. मदतीऐवजी धर्मांतराचा उपदेश आलेला होता. कार्पेंटरबाईंनी ते वाचले आणि १८८० साली एका अनोळखी, सातासमुद्रापलीकडच्या, पंधरा वर्षांच्या मुलीला पत्र घातले. पुढे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. एकमेकींचे रीतिरिवाज, जेवण, सण, औषधे, सगळे त्या पत्रांत. आनंदी तिला मावशी म्हणू लागली.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. आधी कधीही न पाहिलेली मावशी तिला घ्यायला आली होती. तिच्या घरात आनंदी राहिली. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून जेवली, नऊवारी नेसली, आणि कोणी तिच्यावर धर्म बदलण्याची सक्ती केली नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. (याच तारखेचा एक योगायोग मला सापडला आहे तो सांगते. रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले ते ११ मार्च १८८९ ला. आणि त्या सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तोही ११ मार्चलाच, १८९३ साली. इतिहासाच्या पेपरात ही तारीख लक्षात ठेवायला फार सोपी जाते.)

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदी पुण्यात वारली. तेव्हा तिला बावीसही पूर्ण नव्हती. तिची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला मावशीकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती पुरली गेली. गोऱ्या ख्रिस्ती माणसांच्या थडग्यांत एक कल्याणची मुलगी. मावशी म्हणजे आईची बहीण. आनंदीने तो एक शब्द उच्चारून समुद्रापलीकडच्या एका बाईला आपल्या आईची बहीण करून टाकले. ज्या काळात समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकीत होते, त्या काळात! हे प्रेम नव्हे तर काय? नवऱ्याने तिला पाठवले, याचे पोवाडे झाले. जिने दार उघडले तिचे नावसुद्धा आपल्या मुखी नाही.

आता थोडे स्वतःविषयी. ग्रंथालयात एक मुलगा माझ्यासाठी पुस्तके बाजूला काढून ठेवतो. त्याचे अक्षर चांगले आहे आणि तो कमी बोलतो, म्हणजे माझ्या दृष्टीने दोन गुण झाले. गेल्या वर्षी एका पुस्तकात चिठ्ठी निघाली. ती काय होती ते सगळ्यांना समजण्यासारखे आहे. मला ती आवडली, हे लिहायला मी लाजणार नाही. चिठ्ठीच्या तळाशी मात्र एक ओळ होती, की हे आपल्या दोघांतच राहू दे, तुझ्या खोलीतल्या मुलींना सांगू नकोस.

मी त्याच रात्री सांगितले. भाचीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि 'शुद्धलेखन बरं हाय' असा अभिप्राय दिला. छोटी लाजून पांघरुणात शिरली. आक्काने तीन प्रश्न विचारले. तू बोलत असताना तो मधेच तुझे बोलणे तोडतो का? तुझे एम.ए. त्याच्या हिशोबात कुठे बसते? आणि तिसरा, जो मला झोंबला: ज्या गोष्टीसाठी आम्हाला आंधळे व्हावे लागते, ती उजेडात कशी दिसते ते तू पाहिलेस का? आक्काने कधी कोणावर प्रेम केले आहे की नाही कोणास ठाऊक. पण हे तीन प्रश्न छापून प्रवेशअर्जासोबत वाटावेत असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितले, की मी मुलींना सांगितले आहे, आणि पुढेही सांगत जाणार आहे. बोलायचे असेल तर खालांच्या ओट्यावर, दिवसा, चहा घेत. तो पंधरा दिवस ग्रंथालयात फिरकला नाही. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते या लेखाचा विषय नाही. सोळाव्या दिवशी तो ओट्यावर येऊन बसला. खालांनी त्याचे गाव, शेती, आईचे माहेर, सगळे विचारून घेतले. पुढे काय झाले म्हणाल, तर या अंकात छापण्यासारखे अजून काही घडलेले नाही. आम्ही बोलतो. तो माझे बोलणे तोडत नाही. मैत्री जमते आहे का, हे दोघेही पाहतो आहोत.

पण या सगळ्यापेक्षा मोठी कसोटी आली ती छोटीमुळे. हे मी तिला विचारून लिहिते आहे. गावाचे नाव मात्र लिहीत नाही.

छोटीचे आईबाप दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या भागातून असे पुष्कळ जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: तिथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला भाव नसतो. त्यामुळे लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो, आणि घरात वयात आलेली मुलगी मागे ठेवून जाण्याचा घोरही मिटतो. दोन्ही हिशोब एका मांडवात सुटतात. जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांमागे सुमारे ३५ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघाले. हा आकडा वर्गात ऐकला तेव्हा मी वहीत उतरवून घेतला होता. तो आमच्या खोलीत येऊन बसेल असे वाटले नव्हते.

छोटीची धाकटी बहीण पंधरा वर्षांची, नववीत. दिवाळीच्या तोंडावर तिचे जमले. गाड्या निघायच्या आधी उरकायचे होते. छोटी चार दिवस जेवली नाही, पाचव्या रात्री बोलली. आणि बोलून झाल्यावर म्हणाली, 'तुम्ही कुणालाच सांगू नका. मायचं तोंड काळं होईल.'

त्या रात्री आमच्या कायद्याचे दोन्ही अर्धे एकमेकांच्या अंगावर आले. आक्का म्हणाली, १०९८ ला फोन लावा, नाव गुप्त ठेवतात. भाचीचे म्हणणे, आधी तिच्या आईला भेटू. मी म्हणाले, छोटीच्या पाठीमागे काही करायचे नाही. पण गप्पही बसायचे नाही. पहाटेपर्यंत वाद चालला. छोटीचा राग आम्हाला पत्करायचा की तिच्या बहिणीचे नशीब? मैत्री म्हणजे मैत्रिणीचे ऐकणे, असे मी तोवर धरून चालले होते. ऐकणे म्हणजे तिच्या मनासारखे करणे असते का, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा समोर उभा राहिला. शेवटी छोटीच म्हणाली, की तुम्ही घरी चला, तुम्ही बोला, मी नुसती बसते.

रविवारी आम्ही चौघी गेलो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, म्हणून चौघींचे भाडे दोघींत भागले. छोटीच्या आईने आम्हाला चहा दिला, पोहे दिले. मी मनात कितीतरी मुद्दे जुळवून नेले होते. कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, वगैरे. तिने ते सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, 'माय, तुमचं समदं खरं हाय. पर इथं कुणाच्या भरवशावर ठेवू तिला? आणि संग नेली तर फडावर कोपीला दार नसतंय.' एवढे बोलून ती पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली. माझे मुद्दे वहीतच राहिले. त्या बाईला मी क्रूर म्हणू शकत नाही. कोणीही म्हणू शकणार नाही. दार नसलेल्या कोपीत वयात आलेली लेक घेऊन सहा महिने काढायचे, या भीतीचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. वडील तर एवढेच म्हणाले, 'ठेवायची कुठं, ते सांगा.'

आक्का म्हणाली, 'आमच्या खोलीत.'

वडील हसले. त्यांना ती पोरीबाळींची गोष्ट वाटली असावी. तारीख तीच राहिली. आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतलो, वाटेत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी छोटीने आम्हाला तिघींना जवळ बसायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने १०९८ लावला. नाव गुप्त ठेवा असे ती म्हणाली नाही. 'मी तिची थोरली बहीण बोलतेय,' असे तिने सुरुवातीलाच सांगितले. तिचा आवाज कापत होता आणि भाचीने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. आम्ही केले ते एवढेच. त्यात मोठेपणा नाही. पण एक मात्र मी पाहिले, की शेजारी तिघी बसल्या असल्या की सोळा पावसाळे गप्प राहिलेली मुलगीसुद्धा स्वतःच्या नावाने बोलू शकते.

पुढे ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई आणि पोलीस घरी गेले. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतले. मुलाकडच्यांनी घेतलेला कपडालत्ता परत मागितला. गावाने जे बोलायचे ते बोलून घेतले, त्यात आम्हा 'मंठ्याच्या शिकलेल्या पोरींचा'ही उद्धार झाला. छोटीची आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मांडवासाठी आणलेला बांबू परत करून ती दोघे ठरल्या दिवशी ट्रकमध्ये बसून फडावर गेली. जाताना वडिलांनी धाकटीला मंठ्याच्या बसस्थानकावर आणून सोडले. हातात एक पिशवी, पाठीला दप्तर. छोटीकडे न पाहता ते आक्काला म्हणाले, 'ठिवा म्हणला होता नव्हं. ठिवा.'

आता आमच्या खोलीत पाच अंथरुणे पडतात. दार उघडायचे तर पाचवे गुंडाळावे लागते. धाकटी रोज सकाळी निळ्या बसने तिच्या जुन्या शाळेत जाते आणि संध्याकाळी परत येते. गणित तिला आक्का शिकवते, मराठी मी. आठवड्यातून एकदा फडावरून आईचा फोन येतो. तो छोटीच्याच फोनवर येतो, कारण दुसऱ्या कोणाचा नंबर तिला पाठ नाही. आई फक्त म्हणते, 'तिला दे.' छोटी फोन धाकटीला देते आणि जवळ बसून आईचा आवाज ऐकते. चार महिने झाले, हे असेच चालले आहे. मी कधी विचारले तर म्हणते, 'बोलंल की. माय हाय ती.' तिच्या मनात काय चालते ते मी सांगू शकत नाही, आणि हे सगळे योग्य झाले असे तिने अजून एकदाही म्हटलेले नाही.

भाड्याचे काय करायचे, हा प्रश्न आम्ही दोन महिने टाळत होतो. परवा खालांनीच विषय काढला. पाचवीचे भाडे घेणार नाही, म्हणाल्या. पण नळ आला की पहिला हंडा पाचवीने भरायचा. तेव्हापासून नळाच्या दिवशी धाकटी आमच्या सगळ्यांच्या आधी उठते.